तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरं कधी?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हमखास विचारलं जातं, "आता दुसऱ्याचं बघा, पोरगी एकटी पडेल." मी "महागाई हो" म्हणते. ते सगळ्यांना पटतं आणि विषय मिटतो.

पण ते अर्धंच खरं आहे. शाळेची फी, व्हॅन, नाशिकच्या सिडकोतल्या फ्लॅटचा हप्ता, सगळं ओढूनताणून बसवता येईल. वेळ मात्र बसत नाही. नवरा अंबडच्या कंपनीत, त्याची शिफ्ट सारखी बदलते. मी कॅनडा कॉर्नरला एका सीएकडे. रिटर्नची मुदत जवळ आली की घरी यायला रात्र होते. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० माणसांच्या आस्थापनेत पाळणाघरही हवं. पण दुकानं-ऑफिसांना रजेचा हा कायदा लागतो १० माणसांपासून. आमच्या ऑफिसात सहा टाळकी.

सासूबाई निफाडच्या. "आम्ही नाही का पाच वाढवली?" वाढवली ना. घरात आजेसासू होत्या, थोरल्या जाऊबाई होत्या, आणि मोठ्या वन्सं होत्या. सासूबाई द्राक्षबागेत गेल्या की धाकटी तिघं वन्संच्या कडेवर. त्यापायी त्यांची शाळा सातवीत सुटली. हे सासूबाई कधी सांगत नाहीत, वन्संनी सांगितलं, तेही भाजी निवडताना, सहज. त्यांना गणित फार आवडायचं म्हणे. कुटुंब मोठं असलं की पोरं आपोआप वाढतात म्हणणाऱ्यांनी कधीतरी थोरल्या लेकींना विचारावं.

आणखी एक. पहिला मुलगा असलेल्या माझ्या जावेला हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. तिचा एकटा पडत नाही वाटतं!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं बाईमागे मुलांचं प्रमाण १९९२-९३ साली २.९ होतं, २०१९-२१ मध्ये १.७ झालं. म्हणजे हे एकट्या माझ्याच डोक्यातलं खूळ नाही.

गेल्या महिन्यात मावशी फारच मागे लागली. म्हटलं, मावशी, रोज दुपारी तीन ते सात येशील? तर तिचं भजनी मंडळ असतं. रागवू तरी कशी? चार पोरं आणि दोन नातवंडं सांभाळून झाल्यावर तिनं आत्ता कुठे टाळ हातात घेतलेत.