रॅली हँडब्रेक: लोड सेल आता सेकंदाला ८० वेळा वाचतोय
कॉम्प्युटरवरच्या रॅली गेमसाठी मी घरीच हँडब्रेक बनवतोय; मागच्या वेळी त्याचा सांगाडा वेल्ड होऊन आला होता. आता हँडब्रेक टेबलाला बोल्टने घट्ट आवळलाय आणि 'डर्ट रॅली २.०' या गेममध्ये रोज त्याची परीक्षा चालू आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: लिव्हर किती फिरला ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरऐवजी एस आकाराचा ५० किलोचा लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर लावलाय. खऱ्या रॅली कारचा हायड्रॉलिक हँडब्रेक फारसा हलत नाही, सगळा खेळ जोराचा. आणि हाताला जोर लक्षात राहतो, कोन तेवढा राहत नाही. लिव्हर पिव्हटच्या वर ३० सेंटिमीटर आणि खाली ५, त्यामुळे ७ किलोची ओढ सेलपाशी ४२ किलो होऊन पोचते. त्यापुढे सेलवर भार जाऊ नये म्हणून एम८चा स्टॉप बोल्ट दिलाय. हा बोल्ट कुणीही टाळू नका, ऐन शर्यतीच्या टप्प्यात (स्टेजमध्ये) आपण किती जोरात ओढू याचा नेम नसतो.

या खेपेचं मुख्य काम एचएक्स७११ या चिपचं. सेलमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, ते हा चिप वाढवून २४ बिटांत मोजतो. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांवर त्याची १५ नंबरची पिन (रेट) ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून तो सेकंदाला १०च रीडिंग देतो. दोन रीडिंगमध्ये १०० मिलिसेकंद! ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात दीड मीटरहून पुढे जाते. हेअरपिनमध्ये, म्हणजे यू आकाराच्या वळणात, तेवढ्यात लाइन (गाडीची नेमकी वाट) हातची जाते.

उपाय सोपा, फक्त हात स्थिर हवा. पिनच्या पॅडवर सोल्डरिंग आयर्न टेकवायचं, सोल्डर वितळला की सुईच्या टोकाने पिन अलगद वर उचलायची आणि केसासारख्या बारीक तारेने शेजारच्या १६ नंबरला, म्हणजे पुरवठ्याच्या पिनला जोडायची. पाय एकदाच वाकवा, सारखा हलवला तर मुळापासून तुटतो. आता दर साडेबारा मिलिसेकंदांनी रीडिंग येतं. नॉइज (रीडिंगमधली थरथर) थोडा वाढतो, पण २४ पैकी १० बिट, म्हणजे १,०२४ पायऱ्या, गेमला मिळाल्या तरी पुष्कळ झालं.

पुढे प्रो मायक्रो, म्हणजे ही रीडिंग कॉम्प्युटरला पोचवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड. त्यातल्या एटीमेगा३२यू४ या चिपला स्वतःचं यूएसबी आहे, त्यामुळे विंडोजला हा सरळ जॉयस्टिकच वाटतो. आर्डुइनो उनो या बोर्डाने हे इतकं सहज होत नाही. कोडमध्ये सुरुवातीलाच टेअर घेतो, म्हणजे त्या क्षणीचा भार शून्य धरतो, म्हणून केबल लावताना लिव्हरला हात लावायचा नाही. बोर्डाचं मायक्रो यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं, त्याभोवती ग्लू गन फिरवून घेतली.

गेममधल्या माँटे कार्लो रॅलीच्या वळणांवर फरक लगेच कळतो: मागची चाकं हवी तेवढीच घसरतात, अर्धवट ओढही हाताच्या ताब्यात राहते.

आता राहिलंय सेलच्या आधी बसणारं रबर. सध्याचा बुश (रबरी नळकांडं) फार कडक आहे. पॉलियुरेथेन कुणी वापरलं असेल तर किती शोअरचं (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) घेतलं ते कळवा, तेच मागवतो.