बेसबॉल संघाच्या ऑफिसात नोकरी हवी असेल तर

अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला येण्याचा विचार असेल, तर आधी 'मॅनेजर' या शब्दाचा घोळ सोडवून घ्या. डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, युनिफॉर्म घालून बसतो, पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा ते ठरवतो, तो मॅनेजर. म्हणजे आपल्या हिशेबात कोच. मेजर लीगच्या ३० संघांचा जनरल मॅनेजर खेळाडू निवडतो, त्यांचे करार करतो. आणि त्याखालच्या मायनर लीगच्या १२० संघांमध्ये जनरल मॅनेजर असतो तो तिकिटं, जाहिरातदार, स्टेडियम आणि पार्किंग बघतो. तिथले खेळाडू आणि कोच वरचा मेजर लीग संघ पाठवतो, त्यांचे पगारही तोच देतो. डरहम बुल्स या मायनर लीग संघाच्या मैदानात आज कोण पिचिंग करणार, हे त्यांचा मेजर लीग संघ टॅम्पा बे रेज ठरवतो.

तेव्हा वाटा दोन: धंद्याची (तिकिटं, जाहिराती) आणि खेळाची (खेळाडूंची निवड). अमेरिकन मुलं बहुतेक पहिल्या वाटेने शिरतात, कारण गावोगावच्या मायनर लीग संघांना दर हंगामात माणसं लागतात. भारतातून आलेल्यांसाठी मात्र हीच वाट जास्त अवघड ठरते. कारण व्हिसा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे पदवीच्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. स्पोर्ट्स मॅनेजमेंटची पदवी सहसा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयांच्या सरकारी यादीत बसत नाही, त्यामुळे हातात येतो एकच सीझन. संख्याशास्त्र, डेटा सायन्स किंवा कॉम्प्युटर सायन्सची पदवी असेल, तर आणखी २४ महिने मिळू शकतात. म्हणजे तीन सीझन. अट अशी की काम पदवीशी निगडित हवं आणि संघ ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का ते तपासणारी सरकारी यंत्रणा) नोंदलेला हवा. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी त्या पदाला विशिष्ट विषयाचीच पदवी लागते, हे संघाला दाखवावं लागतं. तिकीटविक्रीच्या पदासाठी ते दाखवणं फार कठीण. विद्यापीठ निवडतानाच हे तपासा. नंतर दुरुस्ती होत नाही.

पदवी कोणत्या महिन्यात संपते, यावरही बरंच अवलंबून असतं. मायनर लीगचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, आणि सीझनल माणसं त्याआधी दोनेक महिने रुजू होतात. मे महिन्यात पदवी घेणारा अर्ध्या हंगामात पोहोचतो. डिसेंबरमध्ये संपवलं तर गणित जुळतं: ओपीटीचा अर्ज पदवीच्या ९० दिवस आधी, म्हणजे सप्टेंबरात करता येतो, आणि ओपीटी सुरू होण्याची तारीख पदवीनंतर ६० दिवसांच्या आतली, म्हणजे फेब्रुवारीपर्यंतची निवडता येते. शिकत असताना सीपीटीवर (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी) इंटर्नशिप करायची तर सेमिस्टर चालू असताना सहसा आठवड्याला २० तासच मिळतात, आणि घरच्या मैदानावरच्या सामन्यांचा एक आठवडा त्यात बसत नाही. मालिका मंगळवार ते रविवार, सहा सामने. सकाळी ऑफिसची कामं, संध्याकाळी सामना, घरी जायला रात्रीचे अकरा. आणखी एक खड्डा सप्टेंबरात असतो. सीझनल नोकरी संपली की ओपीटीचे बेरोजगारीचे दिवस मोजायला लागतात, ते एकूण ९०. डिसेंबर उजाडेपर्यंत पुढचं काम हातात हवं. म्हणून ऑगस्टपासूनच टीमवर्क ऑनलाइन या खेळातल्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर अर्ज सुरू करा.

मायनर लीगमध्ये पद कुठलंही असो, पाऊस आला की ताडपत्री ओढायला सगळे धावतात. इनफिल्डवरची (चार बेसमधला आतला भाग) ही ताडपत्री साधारण १७० फूट लांब आणि तितकीच रुंद. मोठ्या नळीवर गुंडाळलेली असते. कडेला रांगेत उभं राहून, एका वेगाने पळत ती उलगडायची. एक जण मागे पडला तरी कापड तिरकं जातं आणि पहिला किंवा तिसरा बेस उघडा राहतो. खाली वारा शिरला की ती शिडासारखी फुगते. अशा वेळी कड मनगटाला गुंडाळून धरू नका. हातातून निसटते आहे असं वाटलं तर सोडून द्या. पसरून झाली की आधी वाऱ्याकडच्या कडेवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या.

खेळाच्या वाटेला, म्हणजे खेळाडूंच्या आकडेवारीच्या कामाला, एसक्यूएल आणि आर किंवा पायथन या कॉम्प्युटरच्या भाषा लागतात. बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर २०१५ पासूनची स्टॅटकास्टची (मैदानातली प्रत्येक हालचाल मोजणारी यंत्रणा) माहिती फुकट मिळते: चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटण्याचा कोन. त्यातून एकच नेमका प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, गेल्या वर्षी धावा खूप दिल्या, पण फलंदाजांना सतत चकवलं, असे डावखुरे रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येणारे पिचर) कोण? दोन पानांत लिहा आणि पहिल्याच ओळीत सांगा की कोणाला घ्यावं. बरेच अर्ज इथेच पडतात: मॉडेल सुंदर, पण निर्णय कुठेच नाही.

नियम मात्र तोंडपाठ हवेत. ४० जणांची यादी (संघाने राखलेले खेळाडू), रूल ५ ड्राफ्ट (त्या यादीबाहेरचे खेळाडू दुसऱ्या संघांनी निवडण्याची पद्धत) आणि सर्व्हिस टाइम (मेजर लीगमध्ये घालवलेले दिवस). मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, होऊ शकतो. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंट या खेळाडूला १७ एप्रिलला मायनर लीगमधून वर बोलावलं. त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने तो आणखी एक वर्ष संघाकडे राहिला. त्याने दाद मागितली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. मुलाखतीत असा हिशेब कागदावर मांडता यायला हवा. स्पॅनिश येत असेल तर अर्जात वर लिहा. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाचे खेळाडू प्रत्येक संघात आहेत.

वर चढायला किती वर्षं लागतील, याला ठरावीक माप नाही. थिओ एपस्टाइन बाल्टिमोर ओरिओल्समध्ये इंटर्न होता आणि २००२ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, बोस्टन रेड सॉक्सचा जनरल मॅनेजर झाला. किम अँग १९९० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सची इंटर्न होती; मायामी मार्लिन्सने तिला ते पद दिलं २०२० मध्ये.

ऑफर आली की पगाराच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारा: ई-व्हेरिफायची नोंदणी आहे का, पदाच्या वर्णनात तुमच्या पदवीचा विषय आहे का, आणि काम कोणत्या तारखेला संपतं.