गुडघ्यांचे 13,000 तास

मागच्या महिन्यात एकदाचं बाथरूमचं काम काढलं. इथे स्टुटगार्टला कारागीर मिळणं म्हणजे आधी महिनोन्‌महिने नंबर लावायचा, त्यामुळे जो आला त्याला बघून पोटात गोळाच आला, कारण माणूस पंचावन्नच्या पुढचा आणि चालताना उजवा पाय ओढत होता. म्हटलं, हा खाली बसणार कसा?

तो बसलाच नाही. भिंतीच्या टाईल्स उभ्याने लावल्या, लेझर लावून सगळी आखणी केली, कटिंग कमरेएवढ्या टेबलावर, मोठ्या टाईल्स उचलायला व्हॅक्युमचं हँडल. जमिनीवरचं काम सोबतच्या शिकाऊ पोराने केलं, तेही गुडघ्याखाली जाड पॅड बांधून. हा दारात उभा राहून नुसता ऐकत होता. पोरगा थापीच्या दांड्याने टाईल ठोकत जायचा आणि हा मध्येच, "तिसरी, काढ परत." उचलून बघितलं तर खाली खरंच मसाला नीट पसरलेला नव्हता!

कॉफी पिताना कळलं, गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. जर्मनीत 2009 पासून असा झिजलेला गुडघा चक्क व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. अट अशी की कामाच्या आयुष्यात किमान 13,000 तास गुडघ्यांवर भार आलेला पाहिजे, आणि तोही शिफ्टला कमीत कमी एक तास. मग कुठली साईट, किती वर्षं, काय काम, सगळं आठवून लिहून द्यायचं, तो म्हणाला त्यातच डोकं फिरलं. अशा कामामुळे होणाऱ्या आजारांसाठी जो विमा असतो त्याचा हप्ता मालक भरतात, कामगाराच्या पगारातून काही कापत नाहीत.

ऑपरेशननंतर एकदम आठ तासांवर नाही, आधी रोज दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवत. याला इथे हाम्बुर्ग मॉडेल म्हणतात, आणि तेवढे दिवस माणूस कागदावर आजारीच असतो म्हणजे पैसे विम्यातून येतात. शिवाय वर्षभरात सहा आठवड्यांच्या वर आजारपण झालं की मालकाने स्वतःहून विचारायचं, बसून बोलूया का, काम कसं बदलता येईल. कायदाच आहे तसा, कामगार नाही म्हणू शकतो, मालकाला मात्र विचारावंच लागतं. सगळे मालक मनापासून विचारतात असं नाही हां, याच्या आधीच्या मालकाने पत्र पाठवलं आणि विषय संपवला.

पण मला खरी गंमत वाटली ती वेगळीच, त्या 13,000 तासांत नुसतं गुडघे टेकणं नाही, उकिडवं बसणंही धरतात. म्हणजे आपले मिस्त्री! साताऱ्याच्या आमच्या घरात शहाबादी बसवली ते काका दिवसभर उकिडवे, उठायचे ते फक्त चहाला. रोजचे सहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सव्वासात वर्षांत कोटा पूर्ण, म्हणजे विशीत कामाला लागलेल्याचा तिशीच्या आत. आपल्याकडे बांधकाम कामगार मंडळ आहे, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते, पण काकांना तो दाखला देणार कोण, दर महिन्याला नवीन ठेकेदार. आता ते एका सोसायटीत वॉचमन आहेत. गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा आमच्या नव्या बाल्कनीत चप्पल काढून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "कोपऱ्यातली पोकळ आहे रे." होती.