त्याला माझा हात नको असतो

आज पायाची पट्टी बदलताना कोंबडीचं पिल्लू पुन्हा जिवाच्या आकांतानं ओरडलं. रोजच ओरडतं, त्यात नवीन काही नाही. काम आटोपून मी त्याला खोक्यात सोडलं, तर ते तसंच फेंगडत पिवळ्याच्या कुशीत शिरलं आणि गप्प झालं. क्षणात. पिवळं म्हणजे ते दुसरं पिल्लू, जे दिवसभर याच्या पायावरच्या पट्टीला टोचत असतं आणि दाणे टाकले की याच्या पाठीवर पाय देऊन पुढे जातं. त्याच्याच अंगाला अंग लावून यानं डोळे मिटले. मला लागलं ते. लागावं असं त्यात काही नाही, कळतंय. पण रात्र झाली तरी मनातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

अंड्यातून आलं तेव्हापासूनच त्याचे पाय दोन्हीकडे फाकलेले. बाकीची पिल्लं अंग वाळताच धडपडत उभी राहिली, हे मात्र पोटावर फतकल मारून. आधी मला धास्ती होती ती वेगळीच. पक्ष्याच्या पायात आपण ज्याला गुडघा समजतो तो खरं तर घोटा असतो, गुडघा वर पिसांत लपलेला. त्या घोट्यामागचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, जागेवरून सरकला तर घोटा सुजतो, चपटा लागतो, पाय पिळवटून बाहेर वळतो. ते दुखणं वाईट, आणि बरं करणं त्याहून अवघड. चिमटीत दोन्ही घोटे धरून कितीदा चाचपले असतील! सूज नाही, दोन्ही सारखे. बोटंही आत मुडपलेली नाहीत, म्हणजे रायबोफ्लेविन, अर्थात ब२ जीवनसत्त्व, कमी पडल्याची खूण नाही. नुसते फाकलेले पाय. गुळगुळीत कागदावर ठेवलेल्या पिल्लांचं असं होतं, पण आपल्याकडे पहिल्यापासून खडबडीत कापड. अंडं उबताना ऊब किंवा ओलावा कमीजास्त झाला तरी होतं म्हणे. कारण काहीही असो, शोधत बसायला वेळ नव्हता. हाडं कोवळी आहेत तोवरच पाय वळतात, आणि तो काळ फार थोडा.

म्हणून ही पट्टी. दोन्ही पायांना एकेक सैलसर वेढा आणि मध्ये छोटा पूल, पाय अंगाखाली नीट उभे राहतील एवढ्याच अंतराचा. जवळ आले तर पिल्लू तोल जाऊन कोलमडतं, लांब राहिले तर पट्टीचा उपयोगच नाही. बांधून झालं की मी त्याची बोटं आपल्या बोटांत धरून बसते. गार लागली किंवा रंग बदलला तर पट्टी लगेच सोडायची. आणि पिल्लू वाढतं किती भराभर! कालचा वेढा आज काचायला लागतो. हे सगळं करताना ते माझ्या मुठीत मान ताणून ओरडतं, अख्खं अंग धडधडत असतं. एवढासा जीव, पण आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू जातो. मग कोणीतरी म्हणतंच, अगं, कोंबडीचं पिल्लू आहे ते.

रात्री उठते मी. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. धडधाकट पिल्लांची चिंता नसते. गरम झालं तर ती दिव्यापासून लांब सरकतात, गार वाटलं तर खाली गोळा होतात. याला सरकताच येत नाही नीट. चोच उघडून धापा टाकत तिथेच पडून राहील. म्हणून बघावं लागतं. पाण्याचं भांडंही उथळ आणि त्यात गोट्या, नाहीतर पुढे झुकताना तोंडावर पडून त्यातच बुडायचं. आणि एवढं करूनही माझा हात दिसला की ते असं दचकतं, जणू घारच आली.

मीच का नेहमी नकोशी? परवा आईनंही माझा हात झटकला, उठवत होते तेव्हा. तो विषय इथे नको.

पण घारीचं लिहिलं आणि तिथेच थांबले. पिल्लाला वरून येणारं काहीही घारच. कोणी शिकवायला लागत नाही, ते भय जन्मापासूनच अंगात असतं. माझा हात तर वरूनच येतो, धरतो, उचलतो आणि जमीन काढून घेतो. त्याच्या बाजूनं पाहिलं तर यात मायेचं काय आहे? पाय ताणले जातात, एवढंच त्याला समजतं. ते सरळ व्हावेत म्हणून, हा सगळा हिशोब माझ्याकडचा. त्याच्यापर्यंत तो पोचायचं काही कारणच नाही.

आणि पिवळं. सुरुवातीला याला वेगळं ठेवलं होतं, टोचतील म्हणून. एकटं पडल्यावर ते सारखं ओरडत राहिलं, दाण्याकडे बघेना. पिवळ्याला आत सोडलं आणि ते टकटक टिपायला लागलं तशी याचीही चोच खाली गेली. म्हणजे खायला त्यानंच शिकवलं. टोचणारंही तेच आणि ऊब देणारंही तेच. हे लिहिताना आता पहिल्याइतकं लागत नाहीये. दोन्ही एकाच पिल्लाकडून येतं तर येऊ दे.

सकाळचं लिहायचं राहिलंच. पिवळं भांड्यापलीकडे गेलं, तसं हे आधी छातीवर सरपटलं, मग पंख टेकवले, पार्श्वभाग उचलला आणि उभं राहिलं. थरथरत, पण दोन्ही पायांवर, पाय अंगाखाली. चार पावलं टाकून कोलमडलं, पुन्हा उठलं. मी दारातच थांबले, आत गेले नाही. गेले असते तर ते पुन्हा फतकल मारून बसलं असतं. पिवळ्यापर्यंत जाऊन पोचलं ते.

उद्या मधला पूल किंचित वाढवायचा आहे, आणि पट्टी काढून थोडा वेळ मोकळं चालतं का ते बघायचं. हात या वेळी बाजूनं नेईन, जमिनीलगत, तळवा वर करून. तरी ओरडेलच. ओरडू दे. दोन्ही पायांची बोटं सारखी गरम लागली की मला पुरे.