मॅडमच्या सत्काराला, ठाणेमार्गे वाशी

रविवारी वाशीला माझ्या नाचाच्या मॅडमचा सत्कार होता, म्हणून नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरली. पिशवीत बदलायची साडी, मॅडमसाठी चिवडा आणि माझे जुने नाचाचे बूट. या बुटांचा तळ स्वेडचा असतो. तारेच्या ब्रशनं घासून त्याची लव उभी करावी लागते, नाहीतर तळ गुळगुळीत होतो आणि वळताना पाय सरकतो. आदल्या रात्री बसून मी तेच केलं. तो खरखर आवाज किती वर्षांनी ऐकला!

कसारा घाट उतरेपर्यंत खिडकीशी बसून होते. पुढचा प्रवास नेहमीचाच. ठाण्याला उतरले तेव्हा हाताशी तासभर होता, म्हणून थेट वाशीची गाडी न धरता पश्चिमेला बाहेर पडले आणि तलावपाळीवर गेले. मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचं देऊळ, समोर गडकरी रंगायतन. लग्नाआधी मी इथल्या एका बँकेत नोकरीला होते. संध्याकाळी सहाला सुटले की जवळच्या एका शाळेच्या सभागृहात मॅडमचा पाश्चात्त्य जोडीनाचांचा क्लास असायचा. बाकं भिंतीला लावायची, फरशी पुसायची, कॅसेट घालायची.

मॅडम मूळच्या वसईच्या. घरात मराठी, लग्नात ब्रास बँड, आणि पावलं लहानपणापासून तालात. वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा जोडीनाच, शिकवताना त्या आधी टाळी देऊन दादरा म्हणायला लावायच्या, धा धीं ना, धा तीं ना. आम्ही सगळ्या भजनाच्या तालावर वाढलेल्या मुली, तीन मात्रा अंगात मुरलेल्याच होत्या. मग त्या म्हणायच्या, "आता पहिल्या मात्रेवर पाऊल लांब टाक, दुसरीला शरीर उचल, तिसरीला पाय जुळव." चा-चा-चा या नाचाला मात्र दादरा उपयोगाचा नाही. तिथे पाऊल दुसऱ्या ठोक्यावर पडतं, "टू, थ्री, फोर अँड वन". महिनाभर मी पहिल्यावरच पडत होते.

स्पर्धेतले नाच दहा. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप हे बॉलरूमचे. सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह हे लॅटिन. मुलं नाचून दमली की मॅडम इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या गोष्टी सांगायच्या. 1920 पासून तिथे एम्प्रेस बॉलरूममध्ये नाचांचा उत्सव भरतो. इंग्लंडमध्येच 1950 च्या दशकापासून कार्ल-अ‍ॅलन नावाचे पुरस्कार आहेत. मेक्का या नृत्यगृहांच्या कंपनीच्या कार्ल हायमन आणि अ‍ॅलन फेअरली या दोघांच्या नावांवरून ते ठेवले, आणि ते नाचणाऱ्यांबरोबर शिकवणाऱ्यांनाही मिळतात. हे सांगताना मॅडमचा चेहरा उजळायचा. आपल्याकडे हे व्हायला हवं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

कारण मॅडम स्वतः स्पर्धेत फारशा उतरल्याच नाहीत. त्यांनी शिकवलं, आणि स्पर्धेच्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून परीक्षकांच्या चिठ्ठ्यांवरून निकाल लावला. हे काम लोकांना दिसत नाही. फोटो जोडप्याचा येतो, टेबलाचा कधीच येत नाही.

ठाण्याहून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची लोकल घेतली. माझ्या वेळी ही लाइन नव्हती, ती 2004 साली सुरू झाली. तेव्हा वाशीला जायचं म्हणजे बसचे धक्के. आता ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला इमारती, आणि अर्ध्या तासात वाशी.

हॉल तसा लहानच. फरशी चकचकीत ग्रॅनाइटची, नाचायला अगदी वाईट. दारातच कुणीतरी ओलं फडकं अंथरून ठेवलं होतं, त्यावर बुटांचे तळ टेकवून प्रत्येक जण आत जात होता. ही मॅडमचीच शिकवण. स्वेड थोडा दमट झाला की पाय धरतो. चाळीस-पन्नास माणसं होती, त्यातली निम्मी माझ्या ओळखीची निघाली, केस पिकलेली. सत्काराआधी लहान मुलांची छोटी वॉल्ट्झ स्पर्धा ठेवली होती. पाच परीक्षक, सहा जोड्या.

स्पर्धा संपली, शाल-श्रीफळ घेऊन मुली मॅडमकडे गेल्या, तर त्या म्हणाल्या, "थांबा गं. आधी निकाल लावू दे, मुलं ताटकळलीत." गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, चालायला काठी. पण खुर्ची टेबलाशी ओढून घेतली, पेन्सिल मागितली आणि कागदावर रकाने आखले. शाल हातात घेऊन मुली दहा मिनिटं उभ्या. मला वाटतं, त्या दिवसाचा खरा सत्कार तोच होता.

शाल, नारळ, दोन-चार भाषणं झाली. मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला एक गोष्ट बोलायची होती, तिच्यासाठीच मी आले होते. 1996 साली एका स्पर्धेत, एकट्या वॉल्ट्झच्या, मी आणि माझा जोडीदार चौथे आलो. तिसऱ्या आलेल्या जोडीला दोन परीक्षकांनी चक्क सहावा क्रमांक दिला होता आणि आम्हाला एकानं पहिला दिला होता. क्रमांकांची बेरीज आमचीच कमी, म्हणजे चांगली होती. मॅडमनी गणित चुकवलं, असं मी चार जणींत बोलले, आणि क्लास सोडला. ते बोलणं त्यांच्या कानावर गेलं, हे मला नंतर कळलं.

मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी लेकीला हाक मारली. लेकीनं पिशवीतून जाडजूड फाइल काढली. मॅडमनी पानं उलटली आणि एक पिवळा पडलेला तक्ता माझ्यापुढे ठेवला. आमच्या ओळीत 4, 4, 4, 1, 2. बेरीज 15. तिसऱ्या आलेल्या जोडीच्या ओळीत 3, 3, 3, 6, 6. बेरीज 21.

"बेरीज आपण करतच नाही," त्या म्हणाल्या. पेन्सिलचं टोक आकड्यांवरून फिरत होतं. "बहुमत बघायचं. पाचातल्या तिघांनी त्यांना तिसरं म्हटलंय. तुम्हाला तिसरं किंवा त्याच्या वर म्हणणारे किती? दोनच. एखाद्या परीक्षकानं कुणाला मुद्दाम खाली ढकललं किंवा वर चढवलं, तरी निकाल हलू नये, म्हणून हा नियम."

मी परत एकदा मोजलं. तीन. दोन. तळाशी त्यांची बारीक अक्षरातली सही होती आणि प्रत्येक आकड्याशेजारी पडताळणीची खूण, एकदा नाही, दोनदा केलेली.

"मॅडम, मी तेव्हा फार वाईट बोलले."

"तू तेव्हा चोवीस वर्षांची होतीस," त्या म्हणाल्या. "विचारायला यायचं होतंस गं. बसून दाखवलं असतं."

मग कुणीतरी वॉल्ट्झ लावला. मी बूट चढवले. मॅडम खुर्चीत बसून टाळी देत होत्या, पहिल्या मात्रेवर जोरात, पुढच्या दोनवर हलकी. दोन फेऱ्यांत माझा श्वास भरून आला, पण पहिलं पाऊल प्रत्येक वेळी लांब पडलं.

निघताना मी तो तक्ता मागितला. आठवण म्हणून घरी फ्रेम करून लावला असता.

"तो देणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि कागद फाइलमध्ये जागच्या जागी ठेवून दिला. "त्यात आणखी पाच जोड्यांचे आकडे आहेत."