मुहूर्त बदलला, आणि मी तो ‘वाचला’ होता

कोल्हापुरातल्या एका छोट्या छापखान्यात मी डीटीपी करते. लग्नसराईत पत्रिका, एरवी बिलबुकं, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. लायसनचा खर्च झेपत नाही म्हणून दोन्ही कंप्यूटरवर विंडोजऐवजी फुकटची लिनक्स प्रणाली आहे. पानं मांडायच्या स्क्रायबस या प्रोग्राममध्ये जोडाक्षरं सरळ बसायला लागल्यापासून आमचं त्यावर बरं निभतंय. गिऱ्हाईक, मालक काका, मशीनमन, कटिंगवाला, सगळ्यांचे निरोप एकाच चॅट अ‍ॅपवर येतात. त्या अ‍ॅपचं नाव सांगत नाही. सगळी अ‍ॅपं थोड्याफार फरकानं तशीच आहेत.

गेल्या वैशाखात एका लग्नाचा मुहूर्त 11.42 चा 12.38 झाला. काकांनी मला तसं चॅटवर कळवलं. मी ते पाहिलं नाही, पत्रिका मशीनवर गेली आणि 500 प्रती जुन्या वेळेच्या छापून निघाल्या. काकांनी फोन समोर धरला. त्यांच्या मेसेजखाली ‘पाहिले’ अशी स्वच्छ खूण होती.

“अगं, बघितलंस आणि तरी छापलंस?”

मी शपथेवर सांगत होते की मी बघितलं नाही. पण खूण माझ्या विरुद्ध साक्ष देत होती. रात्री बसून पुन्हा छापल्या. कागद काकांच्या खिशातून गेला, आणि ते काही बोलले नाहीत हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी माझाच हात बघत बसले. तेव्हा उलगडा झाला. नोटिफिकेशनची पट्टी आमच्याकडे स्क्रीनच्या वर मधोमध उतरते. स्क्रायबसच्या टूलबारवर पीडीएफचं बटण साधारण तिथंच. नजरेनं जागा हेरलेली असते, हात निघालेला असतो, आणि बोट दाबलं जायच्या आधी अर्ध्या क्षणात तिथं पट्टी येऊन बसते. क्लिक बटणावर न पडता पट्टीवर पडतं. चॅटची खिडकी सगळ्यावर उघडते, आणि मी वैतागून ती न वाचताच बंद करते. अ‍ॅपच्या हिशेबी मात्र खिडकी उघडली म्हणजे मेसेज वाचला. न वाचलेल्यांचा आकडा जातो, मागे काही उरत नाही. समोरच्याला ‘पाहिले’ दिसतं ते वेगळंच.

कॉलेजात असताना, 2009 साली, उबंटू नावाच्या लिनक्सच्या 9.04 आवृत्तीत नोटिफिकेशनचे काळे फुगे आले होते ते आठवले. त्यांच्यावर क्लिकच होत नसे. माउस नेला की फुगा फिकट व्हायचा आणि क्लिक खालच्या खिडकीला लागायचं. आम्ही तेव्हा हसलो होतो, दाबता येत नाही ते नोटिफिकेशन कसलं म्हणून. आता त्या फुग्याची बाजू पटली.

आधी सोपा उपाय केला, ‘व्यत्यय नको’ चालू केलं. दीड दिवस स्वर्ग. मग ते चालू आहे हेच विसरले आणि छपाईच्या प्लेटा काढून देणाऱ्याचा निरोप दुपारभर तसाच पडून राहिला. तो उपाय तिथंच संपला.

मग भाचा सुट्टीला आला. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, “मावशी, तुझं अ‍ॅप डेस्कटॉपला नेमकं काय सांगतं ते तरी बघू.” टर्मिनलमध्ये त्यानं डीबस-मॉनिटर लावलं. लिनक्सवर प्रत्येक नोटिफिकेशन आतल्या एका टपालातून जातं, आणि हे साधन ते टपाल उघडून दाखवतं. अ‍ॅपचं नाव, शीर्षक, मजकूर, पट्टी किती मिलिसेकंद ठेवायची, आणि निकड किती. निकडीच्या फक्त तीन पायऱ्या: 0 कमी, 1 साधी, 2 तातडीची. तातडीची पट्टी आपोआप जाऊ नये, असा संकेत आहे. म्हणजे सोय आहे. पण आमच्या अ‍ॅपकडून जे येत होतं ते सगळं 1. मुहूर्त बदलला, 1. सुप्रभात आणि गुलाबाचं चित्र, 1.

आणखी दोन गोष्टी दिसल्या आणि मला हसावं की रडावं कळेना. पहिली, जवळपास प्रत्येक मेसेज दोनदा येत होता. एकदा अ‍ॅपकडून, एकदा ब्राउझरकडून. कधीतरी घाईत टॅबमध्ये लॉगिन केलं होतं, ‘परवानगी द्या’ दाबलं होतं आणि विसरून गेले होते.

दुसरी काकांची. काका एका वाक्याचे पाच मेसेज करतात. त्या दिवशीचे असे होते: “अगं”, “ऐक”, “ते पाटलांचं”, “मुहूर्त बदललाय”, “12.38”. जुनी पट्टी बदलून तिच्याच जागी नवी टाकायची सोय त्या टपालात आहे. अ‍ॅपनं ती वापरली असती तर एकच पट्टी शेवटपर्यंत भरत गेली असती. ती न वापरल्यामुळं पाच वेगळ्या पट्ट्या, त्याही दुप्पट. पट्टीत माझ्या नजरेला पडलं असेल तर “अगं” एवढंच. अर्थ शेवटच्या दोन पट्ट्यांत होता, आणि तोवर मी खिडकी बंद करून पुढच्या पानावर गेले होते.

मग झाडलोट केली. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर दाबून त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढली. टॅबमधून लॉगआउट केलं. अ‍ॅपमध्ये सगळे ग्रुप मुके केले, माझं नाव घेऊन लिहिलं तरच कळव असं ठेवलं. ‘पाहिले’ची खूण बंद केली, त्यामुळं दुसऱ्यांनी पाहिलं का हेही मला दिसत नाही, चालेल. सगळ्यात उपयोगी ठरलं ते डेस्कटॉपच्या सेटिंगमधल्या सूचनांच्या पानावरचं एक बटण. तिथं प्रत्येक अ‍ॅपची पट्टी वेगळी बंद करता येते आणि सूचना तरीही वरच्या घड्याळाखालच्या यादीत साठत राहतात. मला हेच हवं होतं. निरोप जमू दे, हाताखाली येऊ नको. पट्टीतला मजकूरही झाकता येतो, हे तिथंच सापडलं. गिऱ्हाईक शेजारी बसून डिझाइन बघत असताना वर आईचं “पाळी आली का गं” झळकलं होतं, तेव्हा हे बटण माहीत असायला हवं होतं.

यादी बघायची आठवण मात्र मलाच ठेवावी लागते. फाइल मशीनवर पाठवायच्या आधी एकदा, चहाच्या वेळी एकदा. पहिला आठवडा चुळबूळ झाली. दर दहा मिनिटांनी घड्याळावर क्लिक. मग सुटलं.

राहिले काका. त्यांना बसून समजावलं की दुरुस्ती असेल तर एका मेसेजात, पत्रिकेच्या नावानिशी लिहा, आणि प्लेट निघायच्या आत असेल तर फोनच करा. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या फोनवरून “दुरुस्ती” नावाचा वेगळा ग्रुप केला. त्यात फक्त ते, मी आणि मशीनमन, आणि एवढ्या एका ग्रुपचा आवाज माझ्याकडे चालू.

काल सकाळी तो आवाज आला. बघते तर मेसेज होता, “अगं”. पुढचे येतायत का म्हणून मी थांबले. तेवढ्यात पार्टिशनपलीकडून काकांचीच हाक आली, “अगं, मेसेज टाकलाय, बघितलास का?”

“काय आहे काका?”

“थांब, लिहितोय.”