धर्मपुरीच्या अलीकडे

दिवेघाट, जेजुरी, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, सगळं मागे पडलं होतं. बरड सोडलं तेव्हा आभाळ होतं, मग ऊन तापलं. पंगतीला उशीर झालेला. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी इन्सुलिन कमी करून दिलं होतं, तरी दिवसभर चालणारे पाय रक्तातली साखर ओढतच राहतात.

आधी राग आला. मागच्या रांगेतला टाळकरी घाई करतोय, पुढची बाई वाट अडवतेय, अभंग संपतच नाहीये. ओठांभोवती मुंग्या आल्या, मानेवर गार घाम आला आणि मग मला तो राग कळला. साखर उतरली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं; थरथर, धडधड आणि चीड एकदमच येतात. ग्लुकोजची पुडी पाठीवरच्या पिशवीत होती. बोटांना चेन उघडेना.

"माय, बस खाली. घाम गार हाय तुझा."

मागच्या दिंडीतली म्हातारी, डोक्यावर तुळस. तिनं तुळस शेजारणीकडे दिली, मला बाभळीखाली बसवलं, पिशवी उघडली. कुणीतरी पेढा पुढे केला. "पेढा मागून. आधी साखरपाणी." खरंच आहे, खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन मोठे चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून तिनं ग्लास माझ्या ओठाला लावला. मशीनवर साखर ५८ आली, फारच कमी.

मग पंधरा मिनिटं थांबायचं. दिंड्यांमागून दिंड्या गेल्या, तिचीही गेली. मी म्हटलं, "तुम्ही जा." हलली नाही. पुन्हा तपासलं, ६६, अजून कमीच. तिनं दुसरा ग्लास पुढे केला तेव्हा मी तिच्यावर ओरडले. "आमच्या मालकाला बी असंच व्हतं," एवढंच बोलून तिनं तो पाजला. शुद्ध गेली असती तर तोंडात थेंबही घालायचा नाही, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवायची, हेही तिला ठाऊक होतं. नवऱ्याच्या उशाशी बसून शिकली असावी.

९४ आल्यावर तिनं अर्धी भाकरी आणि ठेचा हातावर ठेवला, साखर टिकावी म्हणून. 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' मला तेव्हा पुन्हा ऐकू यायला लागलं आणि मी ढसाढसा रडले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, तुळस गाठायला झपाझप निघून गेली. गाव परभणीकडचं, एवढंच कळलं.

नातेपुत्याला तंबूत रात्री दोनला उठून पुन्हा तपासलं, कारण चालणं थांबल्यावरही कित्येक तास साखर उतरत राहते. सकाळी पुडी कमरेच्या बटव्यात घेतली, वीणेकरी आणि रांगेतल्या दोघींना ती कुठे आहे ते दाखवलं, कधी द्यायची ते सांगितलं.

पुरंदावड्याच्या रिंगणात तुळशीवाल्या धावल्या, तेव्हा प्रत्येकीचा चेहरा पाहिला. ती नव्हती. पंढरपुरात एकादशीला निर्जळीची भाषा चालली होती. मी वेळेवर भगर आणि दाण्याची आमटी खाल्ली, मग कळसाला हात जोडले.